शाळेच्या मागचा खांब

आमच्या धंद्यात नवरा वर असतो आणि बायको खाली. यात नवीन काय, असं कुणी म्हणेल. नवीन एवढंच, की आमच्याकडे खालच्याचा शब्द शेवटचा.

धंदा आहे हवेतून इंटरनेट पोचवायचा. दुकान बारामतीत, पण कामं बहुतेक इंदापूर तालुक्यात. तिथं जमिनीतून केबल टाकायची म्हटली की आधी उसाच्या सऱ्या आडव्या येतात, मग कालवा, मग भावकीचा बांध. हवेत बांध नाही. निदान अजून कुणी हवेची मोजणी मागवलेली नाही. म्हणून एका उंच जागेवर एक डिश लावायची, दुसऱ्या उंच जागेवर दुसरी, दोघींची तोंडं एकमेकींकडे करायची आणि मधे झाड, घर, पाण्याची टाकी येत नाही एवढं बघायचं. शास्त्र इतकंच. बाकीचं काम म्हणजे लोखंड, दोर, नटबोल्ट आणि वर पाठवलेला माणूस जसाच्या तसा खाली आणणं.

हा वर पाठवलेला माणूस म्हणजे माझा नवरा. त्याच्या घरी एके काळी मेंढरं होती. वडील कळप घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर असत. त्याने मेंढरांऐवजी आधी टीव्ही सांभाळले, मग छपरांवरच्या छत्र्या, आणि आता हे. उंचीची त्याला भीती नाही. लोकांना हा गुण वाटतो. मला तो आजार वाटतो, आणि बऱ्याच आजारांसारखा तो रोग्यापेक्षा घरच्यांना जास्त त्रास देतो.

मी स्वतः आधी एका कॉलेजात ग्रंथपाल होते. उंचीशी माझा संबंध पुस्तकं काढायच्या चार पायऱ्यांच्या घोडीपुरता, आणि तिच्यावरूनही मी दोनदा पडले आहे. दोन्ही वेळा गौरवग्रंथांवरची धूळ पुसताना. गौरवग्रंथ नेहमी वरच्या कप्प्यात असतात आणि त्यांच्यावर नेहमी धूळ असते.

खालच्याचा शब्द शेवटचा, हा कायदा भिगवणला झाला. हायवेवरच्या एका हॉटेलच्या छतावर डिश लावायची होती. छत कितीसं उंच, तर दोन पुरुष. नवऱ्याने बेल्ट गाडीतच ठेवला. एवढ्याला काय बेल्ट बांधायचा, लोक हसतील, असा विचार. मी त्या दिवशी दुकानात होते. दुपारी फोन आला तेव्हा त्याचा उजवा हात मनगटात मोडला होता आणि हॉटेलमालक मला धीर देत होता, "काळजी करू नका वहिनी, डिशला काय बी झालं न्हाय."

प्लास्टर घालून आम्ही हत्यारं न्यायला परत त्याच हॉटेलात गेलो. समोर तळलेल्या चिलापीची ताटली आली. मासा काटेरी, आणि काटे काढून द्यायला त्याला माझी गरज होती. माणसाला अटी घालायला याहून चांगली वेळ नाही. मी एकेक काटा काढत एकेक अट घातली. बेल्ट कायम. बेल्टला दोन हूक असतात. दुसरा अडकवल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. वर माणूस असेल तर खाली माणूस पाहिजेच, आणि ते माणूस म्हणजे मी. आणि खालून 'नाही' आलं की नाही. मग बाकीचं जग काहीही म्हणो. त्याने प्रत्येक घासाला मान हलवली आणि शेवटी शपथ घेतली. उजवा हात गळ्यात अडकवलेला असल्यामुळे शपथ डाव्या हाताने घेतली गेली.

डाव्या हाताची शपथ किती धरते, याची मला तेव्हापासून धाकधूक होती. कारण माझ्या नवऱ्याला 'न्हाय' म्हणता येत नाही. मला तो रोज म्हणतो. पण बाहेरच्याला नाही. त्यातून बाहेरच्याने फेटा बांधलेला असेल तर मुळीच नाही.

या शपथेची परीक्षा शाळेच्या कामात झाली.

भिगवणच्या पुढे, उजनीच्या फुगवट्याच्या पाण्याजवळ एक गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेला इंटरनेट हवं होतं. मुख्याध्यापिकाबाई शांत, नेमकं बोलणाऱ्या. त्यांनी फोनवर फक्त छताची लांबी-रुंदी आणि समोर झाडं किती एवढं सांगितलं, म्हणजे सांगण्यासारखं सगळं सांगितलं. पण शाळेच्या समितीवर एक तात्या होते, आणि तात्यांनी उद्घाटन आधीच ठरवून टाकलं होतं. आमच्या भागात आधी उद्घाटनाचा दिवस ठरतो, मग कामाचा. दोन्ही एकाच दिवशी आले तर लोक त्याला योग म्हणतात. तालुक्याहून एक साहेब अकरा वाजता येणार होते. आम्ही सकाळी सात वाजता पोचलो तेव्हा शाळेपुढे मांडव, सोफा आणि लाल गालिचा तयार होता. फक्त इंटरनेट यायचं राहिलं होतं.

तात्या फेटा बांधून गेटातच उभे होते. त्यांनी शाळेच्या दर्शनी पोर्चकडे बोट केलं.

"हितं. बरोब्बर पोर्चवर. गेटातनं आत आलं की पयल्यांदा खांब दिसला पायजे."

"दिसंल की, तात्या," नवरा म्हणाला.

मी वर पाहिलं. गेटाबाहेर, रस्त्याच्या कडेने अकरा हजार व्होल्टची तार गेली होती.

"तात्या, पुढं नको," मी म्हणाले. "मागं लावू, खिचडीच्या खोलीवर. जिथून नेट यायचं तो आमचा टॉवर तिथूनही तसाच दिसतो."

"मागं? मागं संडास हाय."

"संडासावर नाही. त्याच्या शेजारी, खिचडीवर."

"म्हंजी सायेबांनी संडासाच्या वाटनं जाऊन इंटरनेटचं उद्घाटन करायचं?"

"तसं तात्यांचं बी बरोबर हाय," नवरा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने गाडीतलं सामान मोजायला घेतलं.

"पुढं उभा करताना खांब निसटला, तर थेट तारेवर जाईल," मी म्हणाले.

"निसटतोय कशाला? आमी हाय की!"

या वाक्यावर आमच्या तालुक्यातले सगळे मांडव, सगळ्या मिरवणुका आणि बरीचशी लग्नं उभी आहेत. त्याचा अर्थ 'आम्ही इथं हजर आहोत' एवढाच असतो. 'पडलेली वस्तू धरू' असा नसतो, आणि अकरा हजाराच्या तारेला लागलेला लोखंडी खांब धरायला गेलेल्यांपैकी कुणी परत 'आमी हाय की' म्हणायला उरत नाही. खांब कलला की हात सोडून लांब पळायचं, हे आमच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण. आणि गावातल्या मदत करणाऱ्या माणसाला ते देणं सगळ्यात अवघड, कारण पळणं त्याला शोभत नाही.

भाषण देऊन उपयोग नव्हता. भाषणं तात्यांच्या बाजूची होती. मी गाडीतून दोर काढला आणि बाईंना विचारलं, "मैदान आखायची फक्की आहे का?" बाईंनी का ते विचारलं नाही. खेळाच्या कपाटातून पांढऱ्या भुकटीचं घमेलं घेऊन आल्या.

नियम साधा आहे. खांब जितका उंच, त्याच्या दीडपट जागा चहूबाजूंना मोजायची. तेवढ्यात विजेची तार येत असेल तर ती जागा विसरायची. आमचा खांब वीस फुटी, जाळीचा, चढायला शिडीसारख्या आडव्या सळ्या असलेला. मी दोराला तीस फुटांवर गाठ मारली. एक टोक बाईंनी पोर्चच्या पिलरशी धरलं, दुसरं मी ताणून धरलं आणि फक्की सोडत अर्धा गोल चालत गेले. शेवटचा थोडा भाग गेटाबाहेर जाऊन रस्त्यावर काढावा लागला. एक उसाचा ट्रॅक्टर माझ्यासाठी थांबला आणि ड्रायव्हरने विचारलं, "मावशी, ह्यो टोलनाका नवा का?"

गोलात काय काय आलं? साहेबांचा सोफा, त्याच्यापुढचा गालिचा, माईकवाल्याचे दोन कर्णे, हारतुऱ्यांचं टेबल, गेट, अर्धा रस्ता आणि त्यावरची तार.

"हे कबड्डीचं हाय का लंगडीचं?" तात्यांनी विचारलं.

"पडायचं आहे, तात्या. खांब पडला तर या गोलाच्या आत पडेल."

तात्यांनी गोलाकडे पाहिलं. तारेचं त्यांना काही वाटलं नाही. तार काय, रोजचीच. पण त्यांची नजर सोफ्यावर थांबली.

"सोफा आत आलाय."

"हो. खांब इथंच पाहिजे असेल तर काम होईपर्यंत सोफा, मांडव सगळं हलवावं लागेल."

"सोफा कसा हलंल? सावली हितंच हाय. आन मांडववाल्यानं गालिचा खिळं मारून बशिवलाय." त्यांनी फेट्यात बोट घालून डोकं खाजवलं. "बरं. मग खांबच जाऊ द्या मागं."

म्हणजे आम्हाला वाचवलं ते गालिच्याच्या खिळ्यांनी. मला त्याचं वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं ग्रंथालयात काढल्यावर एवढं कळतं की शहाणपणाचे निर्णय लोक घेतात, फक्त कारण वेगळंच असतं.

मागच्या बाजूला खिचडी शिजवणाऱ्या दोघी मावशी होत्या. वर काम चालू असेपर्यंत खाली कुणी थांबायचं नाही, म्हणून मी त्यांना पातेल्यासकट व्हरांड्यात जायला सांगितलं.

"खिचडीत काय इंटरनेट पडतंय व्हय?" थोरली म्हणाली.

"इंटरनेट नाही. वरून पाना पडेल."

"मग काढू की, कढीपत्त्यावानी."

पण गेल्या. जाताना एकीने माझ्या हातातली मिठाची पिशवी पाहिली. डिशवर वीज पडली किंवा कुठून तरी प्रवाह उतरला, तर त्याला जमिनीत जायला वाट लागते. त्यासाठी खड्डा घेऊन त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ भरायचं, पाणी घालायचं आणि खांबापासून तिथपर्यंत तार आणायची. मी मीठ ओतत असताना मावशी व्हरांड्यातून म्हणाली, "जिमीन लई आळणी लागली का वो, बाई?"

खांब दोन तुकड्यांचा. खालचा छतावर बसला, तीन बाजूंना तारांचे ताण बसले, वरचा चढला. मग डिश. नवरा वर गेला की मी बोलत नाही, फक्त ऐकते. खट, हूक लागला. खट, दुसरा सुटला. खट, लागला. हे आवाज पाळीने येत राहिले पाहिजेत. त्या दिवशी एकदाही पाळी चुकली नाही. साडेनऊला त्याने डिश टॉवरकडे फिरवली, बोल्ट आवळला, केबलला झोळ ठेवला, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत पेटीत शिरत नाही, आणि उतरला.

बाईंनी लॅपटॉप उघडला. पहिल्यांदा काय बघायचं, यावर वर्गात थोडी बाचाबाची झाली आणि शेवटी आपलं गाव वरून कसं दिसतं ते बघायचं ठरलं. निळं पाणी आलं, हिरवे चौकोन आले, मग शाळेचं छत आलं. चौथीतला एकजण ओरडला, "बाई, आपला संडास!" बाईंनी ते चित्र लॅपटॉपमध्ये साठवून ठेवलं. मला वाटतं, उद्घाटन खरं तेव्हाच झालं. पण तेव्हा वर्गात कुणी फेटेवाला नव्हता.

मग बाईंनी आम्हाला समोरच्या घरी चहाला नेलं. आणि इथं माझी चूक झाली. माणूस खाली आला की शिडी आडवी करून ठेवायची, हा नियम मी कधी केलाच नव्हता. वर चढायची हौस फक्त माझ्या नवऱ्याला आहे, अशी माझी समजूत होती. शिडी खिचडीच्या खोलीला तशीच टेकलेली राहिली.

वीस मिनिटांनी परत आलो तेव्हा रस्त्यावरूनच दिसलं. शाळेच्या छतामागून आमचा खांब वर आला होता आणि खांबाला फ्लेक्स बांधला होता. दहा फूट बाय आठ फूट. साहेब मोठे, तात्या मध्यम, आणि खाली एका रांगेत बारा शुभेच्छुक, सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. एक कोपरा ताणाच्या तारेला, बाकीचे तीन खांबाला आणि छताच्या कठड्याला. गाठी चांगल्या मारल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे.

"वहिनी, रस्त्यावरनं काय झ्याक दिसतंय बघा!" तात्यांच्या कार्यकर्त्यांतला एकजण म्हणाला. "मागं लावलाय म्हणून कुणाला कळायचं बी न्हाय!"

होडीला शीड लावतात ते होडी पळावी म्हणून. शाळा कुठं पळायची नव्हती. पण पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि तिथं तो वारा साडेदहाच्या सुमाराला सुटतो. तो सुटला. फ्लेक्स पोटासारखा फुगला. साहेबांचे गाल फुगले, सपाट झाले, परत फुगले. खांब गुणगुणायला लागला. डिशचं तोंड टॉवरवरून हळूहळू फिरत उसाकडे गेलं. बाई वर्गातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गेलं."

मी खिचडीच्या खोलीपाशी जाऊन वर बघितलं. पाण्याकडच्या ताणाचा बोल्ट कठड्यातून बोटभर वर आला होता. वाऱ्याचा झोत आला की तो आणखी थोडा वर येई.

तेवढ्यात तात्या धावत आले. धावताना फेटा सांभाळावा लागत असल्यामुळे त्यांना एकच हात मोकळा होता.

"सायेबांनी भिगवण सोडलं! आन नेट गेलं म्हणत्यात. पावणं, चढा बरं बिगीबिगी. वाईच सरळ करा."

नवरा छतावर पोचला होता. बेल्टही बांधून झाला होता.

"दोन मिनटात फ्लेक्स कापतो, डिश फिरवतो, उतरतो," तो वरून म्हणाला.

"नाही," मी म्हणाले.

"अगं, दोन मिनटं."

"बोल्ट सुटत आलाय. खांबावर तुमचं वजन पडलं की तो सुटेल. नाही."

"अगं, लोक बघत्यात."

"बघू देत. पडलात तरी बघतीलच. वर मोबाईलवर काढतील."

फेट्यांमधून हशा आला. एकाने विचारलं, "पावणं, घरात बी असंच चालतं व्हय?" दुसरा म्हणाला, "घरात चुलीपाशी बरं असतंय, हितं कामाच्या ठिकाणी कशाला!" तात्या हसले नाहीत. ते घड्याळाकडे बघत होते.

नवऱ्याने वळून खांबाच्या खालच्या सळीवर हात ठेवला. डावा हात. मी खाली उभी होते आणि त्याला अडवायला माझ्याकडे काही नव्हतं. दोर नाही, काही नाही. एक शब्द होता, तो वापरून झाला होता. आणि पुढे चाळीस माणसं, त्यांतली निम्मी फेट्यातली, तो काय करतो ते बघत होती. मला नेट गेल्याचं काही नव्हतं, साहेबांचं काही नव्हतं. हा माणूस उभ्याने घरी यायला पाहिजे होता, बस.

त्याने हात तसाच ठेवला. सळी त्याच्या तळव्याखाली थरथरत असणार, कारण मला खालूनही मनगट हलताना दिसत होतं. मोडलेलं मनगट ते नव्हतं, पण त्याच्या जोडीचं होतं. एक मोठा झोत आला. बोल्ट आणखी वर आला. त्याने हात काढला.

तो शिडीवरून खाली उतरला, बेल्ट सोडला आणि तात्यांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"न्हाय, तात्या."

"काय न्हाय?"

"चढणार न्हाय. वारं पडंस्तवर न्हाय."

तात्यांना नाही ऐकायची सवय नव्हती, आणि नवऱ्याला म्हणायची.

"आता सायेबांना काय सांगू मी?" तात्या म्हणाले.

"खांबाला तुमचा फोटू जड झाला म्हणून सांगा."

मगाशी हसलेले परत हसले, पण या वेळी दुसऱ्या बाजूने. झ्याक म्हणणारा कार्यकर्ता पुढे आला, "हटा, मी चढतो!" नवऱ्याने शिडी उचलली, जमिनीवर आडवी टाकली आणि तिच्यावर बसला.

बाईंनी घंटा दिली. सगळी मुलं पुढच्या अंगणात. माणसंही मुलांच्या मागून गेली, कारण घंटा ऐकली की माणूस अजून निघतो. मावशींनी पातेल्याला परत हात घातला. त्या मधल्या वेळेत खिचडी परत चुलीवर ठेवून बसल्या होत्या.

"आता काय पडतंय?" थोरलीने विचारलं.

"आता खांब."

"मग आदुगर खिचडी उचला!"

आम्ही दोघं भिंतीच्या आडोशाला, लांब उभे राहिलो. फार थांबावं लागलं नाही. बोल्ट निघाला, तार सापासारखी उडून छतावर आपटली, आणि खांब कलला. आधी सावकाश, सभेत डुलकी लागलेल्या पाहुण्यासारखा, मग एकदम. तो मागच्या मोकळ्या जागेत शेवग्याच्या झाडावर पडला. झाडाची एक फांदी मोडली, डिशला पोचा आला. फ्लेक्स फाटून संडासाच्या पत्र्यावर पसरला, आणि साहेब, तात्या व बारा शुभेच्छुक आकाशाकडे बघत पडून राहिले.

आवाज मोठा झाला. नेमकी तेव्हाच साहेबांची गाडी गेटात शिरत होती. नंतर कळलं की साहेब गाडीतून उतरताना म्हणाले, "फटाके कशाला? साधेपणानं करायचं म्हणलं होतं ना?" आणि तात्या म्हणाले, "पोरांचा उत्साह, सायेब."

उद्घाटन झालं. साहेबांनी फीत कापली. बाईंनी लॅपटॉप पुढे केला, साहेबांनी बटण दाबलं आणि पडद्यावर सकाळी साठवलेलं चित्र आलं: निळं पाणी, हिरवे चौकोन, शाळेचं छत. टाळ्या वाजल्या. "आजपासून हे गाव जगाशी जोडलं गेलंय," साहेब म्हणाले. त्या क्षणी ते फक्त शेवग्याशी जोडलेलं होतं, पण कुणी मागे जाऊन बघितलं नाही. मी कितीतरी पुस्तकांची प्रकाशनं पाहिली आहेत. त्या मानाने हे चांगलं झालं; इथं निदान एकदा उघडून बघितलं होतं.

मांडव उतरायला लागल्यावर तात्या मागे आले. एकटेच, फेटा काखेत. पडलेल्या खांबाकडे बराच वेळ बघत राहिले. मग खिचडीच्या खोलीच्या भिंतीपासून खांबाच्या शेंड्यापर्यंत पावलं टाकत गेले, तोंडातल्या तोंडात मोजत. मग पुढे गेले. मी सामान उचलायच्या निमित्ताने मागोमाग गेले. ते पोर्चपासून गेटाकडे तेवढीच पावलं टाकत निघाले. सोफा अजून उचलला नव्हता. त्यांची पावलं सोफ्याला वळसा घालून दोनेक हात पुढे संपली. तिथं उभं राहून त्यांनी वर तारेकडे बघितलं, मग सोफ्याकडे, जिथं साहेब बसले होते आणि शेजारी ते स्वतः.

मला वाटलं, आता काही बोलतील. ते म्हणाले, "वहिनी, जेवल्याबिगर जायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही परत गेलो. या वेळी कठड्यात बोल्ट नव्हते; नवऱ्याने रात्रीच ठरवलं होतं की छताला आरपार भोक पाडून खालून पट्टी लावायची. मावशी अजून आल्या नव्हत्या. तात्या आले होते. फेटा नव्हता, डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, आणि एक मोटारसायकलवाला थांबून बघायला लागला तर त्याला म्हणत होते, "लांब हो, लांब हो. डोक्यात पाना पडंल."

खांब उभा राहिला. तीन ताण बसले. मी प्रत्येक तार हाताने ओढून बघितली आणि मान हलवली. नवरा चढायला लागला. खट. खट. अर्ध्यावर गेला असेल, तेवढ्यात पाण्याकडून वाऱ्याची झुळूक आली, त्या वेळेला न येणारी. मी 'थांबा' म्हणायला तोंड उघडलं, तोवर तो थांबला होता. दोन्ही हूक अडकवून, सळीला कोपर टेकवून, पाण्याकडे बघत उभा.

"काय झालं, पावणं?" तात्यांनी खालून विचारलं.

"काय न्हाय. वारं जाऊ द्या."

"किती येळ?"

"जाईस्तवर."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं खाली उभे राहिलो, तो वर. उसाच्या शेंड्यांवरून वारा गेला, परत आला, मग गेला. शेवग्याची पानं स्थिर झाली. बऱ्याच वेळाने नवऱ्याने खाली मान वळवली.

"काय गं, चढू का?"

तात्या हळूच म्हणाले, "सांगा की, वहिनी."

मी आणखी थोडा वेळ शेवग्याकडे बघितलं. मग म्हणाले, "चढा."